तारेचा कान : सपाट तबलीची गिटार आणि चुंबकीय पिकअप

आज जगभर नुसती ‘अकूस्टिक गिटार’ म्हणून ओळखली जाणारी, पोलादी तारांची आणि मध्यभागी गोल छिद्र असलेली अमेरिकी घडणीची गिटार वाद्यकारांच्या बोलीत ‘फ्लॅट-टॉप’, म्हणजे सपाट तबलीची गिटार होय. मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसणाऱ्या पातळ लाकडी पाटीला तबली म्हणतात आणि तिच्यावर तारा पेलून धरणाऱ्या तुकड्याला घोडी. हे शब्द गिटारच्या त्याच अवयवांना चपखल बसत असल्यामुळे येथेही तेच वापरले आहेत. या गिटारची तबली बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीची असते, घोडी तिच्यावर थेट सरसाने चिकटवलेली असते, आणि तारेचे कंपन घोडीतून तबलीत, तबलीतून पेटीतल्या हवेत आणि तेथून छिद्रावाटे बाहेर पडते. तार स्वतः इतकी बारीक असते की तिने हलवलेली हवा कानापर्यंत फारशी पोहोचतच नाही, त्यामुळे या वाद्याचा म्हणून जो आवाज ऐकू येतो तो वस्तुतः लाकडाचा आणि पेटीतल्या हवेचा असतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीपासून या गिटारवर जो चुंबकीय पिकअप बसवला जाऊ लागला त्याला मात्र लाकूड जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला कळते ती केवळ तार. जुन्या गिटारांवरील या उपकरणाचा इतिहास म्हणजे ही विसंगती सांभाळताना कोणी कशाला मुरड घातली, लाकडाने की विजेने, याचा इतिहास आहे.

प्रश्नाचे मूळ मोठ्या आवाजाच्या गरजेत आहे. ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर १८३३मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच त्याने आपला कारखाना पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी हलवला. तबलीच्या आतल्या अंगाला फुलीच्या आकारात आधारपट्ट्या चिकटवण्याची जी पद्धत त्याच्या हयातीत रुळली ती आजही सपाट तबलीच्या गिटारचा पाया आहे. त्या काळी तारा जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या असत आणि वाद्याचा आवाका दिवाणखान्यापुरता असे. १९१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाई बेटांच्या वादकांनी मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवलेली गिटार अमेरिकी श्रोत्यांच्या मनात भरली, त्या वादनासाठी पोलादी तारा लागत, आणि १९२०च्या दशकात मार्टिन कंपनीने आपली वाद्ये त्या तारांचा ताण सोसण्याइतकी मजबूत करायला घेतली. दरम्यान १९१६मध्ये तिने डिटसन या विक्रेत्यासाठी एका ब्रिटिश युद्धनौकेच्या नावाची ‘ड्रेडनॉट’ ही रुंद कमरेची गिटार बनवली होती, जी १९३१पासून मार्टिनच्या स्वतःच्या नावाने विकली जाऊ लागली. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील गिब्सन कंपनीने व्हायोलिनसारखी कोरीव, फुगीर तबली असलेली ‘एल-५’ गिटार बाजारात आणली, आणि कॅलिफोर्नियातील नॅशनल कंपनीने १९२७च्या सुमारास तबलीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ शंकूंचा प्रयोग यशस्वी केला. हे सारे उपाय आपापल्या परीने गुणकारी होते, तरी नृत्यगृहातल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यापुढे गिटार दबलेलीच राहिली. वाद्याची पेटी किती वाढवायची यालाही वादकाच्या मांडीची मर्यादा असतेच.

पोलादी तारांचा स्वीकार आवाजासाठी झाला होता, परंतु त्यामुळेच पुढचा, विजेचा उपाय शक्य झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मायकेल फॅरेडे याने १८३१मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. चुंबकीय पिकअप हे याच तत्त्वाचे अगदी सरळ रूप आहे: एक कायमचा लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर काही मिलिमीटर अंतरावर वाद्याच्या पोलादी तारा. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तारेचा तेवढा तुकडा स्वतःही चुंबकासारखा वागू लागतो, तो हलला की वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र हलते, आणि तारेच्या कंपनाची हुबेहूब नक्कल असलेला क्षीण विद्युतप्रवाह वर्धकाकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे, जातो. यात हवेचा संबंध कोठेच येत नाही. म्हणूनच असा पिकअप तंबोऱ्यावर बसवला तर पोलादी जोडाच्या तारा त्याला ऐकू येतील, पण पितळेच्या खर्जासमोर तो ठार बहिरा राहील. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांच्या गिटारवरही त्याचा काडीइतका उपयोग नाही. पिकअप तारेच्या कोणत्या बिंदूखाली आहे यावरही आवाजाचा पोत ठरतो, कारण घोडीजवळ तार थोडी पण तीक्ष्ण हलते आणि मध्याकडे सरकावे तसे कंपन रुंद व गोलसर होत जाते. सपाट तबलीच्या गिटारमध्ये गोल छिद्र नेमके दांडीच्या टोकाशी असते आणि पिकअपला दुसरी मोकळी जागा नसते, तेव्हा या गिटारचा विजेरी आवाज भरदार आणि काहीसा मऊ का, याचे उत्तर पुष्कळ अंशी छिद्राच्या जागेतच आहे.

विशेष म्हणजे या क्षेत्रातील आरंभीचे प्रयत्न लाकूड ऐकण्याचेच होते. शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने १९२८मध्ये जी विजेरी तंतुवाद्ये विक्रीस काढली त्यांच्यात तबलीचे कंपन एका चुंबकीय यंत्रणेकडे नेण्याची योजना होती. तबली हलते, तर तबलीच टिपावी, हा विचार तर्काला धरूनच होता. परंतु मिळणारा विद्युतप्रवाह दुबळा असे आणि त्या वेळचे वर्धक ओबडधोबड, त्यामुळे ती वाद्ये फार चालली नाहीत. लॉस एंजेलिसचा जॉर्ज बोशाँप याने अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर आणि पॉल बार्थ यांच्यासह १९३१-३२मध्ये जो पिकअप सिद्ध केला त्यात लाकडाला पुरतीच रजा देण्यात आली होती. तारांच्या वरून वळसा घेणारे घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक आणि तारांखाली वेटोळे, अशी ती रचना होती, आणि ती ज्या वाद्यावर बसवली त्याला पोकळ पेटी नव्हतीच. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या त्या गोल, लांब दांड्याच्या वाद्याला लोक ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, म्हणू लागले. या रचनेचे पेटंट १९३७मध्ये मिळाले, तोवर अनेक कंपन्या त्याच वाटेने निघाल्या होत्या.

हा पिकअप आधी हवाईयन गिटारवर बसला यामागे तांत्रिक कारण होते, कारण मांडीवर आडव्या ठेवलेल्या आणि कांबीने वाजवल्या जाणाऱ्या वाद्याला दीर्घ, अखंड स्वर हवा असतो, आणि तार जितकी लाकडात कमी शक्ती सांडेल तितका तो लांबतो. हीच विजेरी हवाईयन गिटार पुढे भारतात, कोलकात्यात आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात, चांगलीच रुजली. लखनऊहून मुंबईत आलेल्या व्हॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिकांनी हिंदी चित्रगीतांच्या चाली तिच्यावर घरोघर पोहोचवल्या. मींड हा जिच्या वादनाचा प्राण आहे अशा वाद्याला भारतीय कान लवकर सरावले यात नवल नाही. सपाट तबलीच्या गिटारला मात्र या लाटेचा लाभ लगेच झाला नाही.

त्या विलंबाची कारणे दोन होती. १९३६मध्ये गिब्सनने ‘ईएस-१५०’ ही कोरीव पद्धतीची विजेरी गिटार आणली आणि १९३९पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात चार्ली ख्रिश्चन याने तिच्यावर जे वादन केले त्याने जॅझमध्ये गिटारची जागाच बदलून टाकली. परंतु त्या गिटारमधील चुंबक इतके लांब व जड होते की ते तबलीखाली बोल्ट लावून टांगावे लागत. फुगीर तबली, जिच्यावर घोडी नुसती टेकलेली असते आणि तारांचा ताण शेपटीच्या पट्टीवर जातो, असे ओझे कसेबसे सोसू शकते. तीन मिलिमीटरची सपाट तबली त्याने मुकी होते. दुसरे कारण फीडबॅकचे होते. मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जी कर्कश शिट्टी फुटते तिचेच हे भावंड होय: स्पीकरचा आवाज तबलीला हलवतो, तबली तारांना हलवते, पिकअप ते कंपन पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि हे चक्र स्वतःच फुगत जाऊन एकाच स्वरावर गुरगुरू लागते. मोठ्या सपाट गिटारच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते, म्हणजे खालच्या मोकळ्या तारांच्या टापूतच, तेव्हा तबली जितकी उत्तम, हलकी आणि बोलकी, तितका हा उपद्रव लवकर सुरू होतो. चांगल्या वाद्याचा गुण येथे दोष ठरतो.

या कोंडीतून निघण्याची सर्वांत साधी वाट कोणा गिटार-कारखान्याने नव्हे, तर ओहायो राज्यातील टोलेडो गावच्या हॅरी डीआर्मंड याने दाखवली. त्याने रो इंडस्ट्रीज या कंपनीमार्फत १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून गिटारला वरून लावता येतील आणि हवे तेव्हा काढता येतील असे पिकअप विकायला सुरुवात केली. कोरीव गिटारसाठी दांडीच्या बाजूने आधार घेऊन तारांखाली सरकणारे, आणि सपाट गिटारसाठी गोल छिद्राच्या कडांना चापाने पकडणारे, असे त्यांचे प्रकार होते. छिद्राच्या पिकअपची वायर सरळ छिद्रातूनच बाहेर लोंबत असे. दिसायला हे फारसे देखणे नव्हते. तथापि लाकडाला एकही भोक न पाडता दहा-वीस डॉलरच्या जुन्या गिटारला विजेची जोड देणारा हा उपाय गरीब वादकाच्या खिशाला परवडणारा होता, आणि अल्निको या अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या लोखंडाच्या शक्तिशाली मिश्रधातूमुळे चुंबक लहान झाल्यावर त्याचे वजनही सुसह्य झाले.

एक अडचण तरीही उरली, आणि ती आजतागायत पुरती सुटलेली नाही. सपाट गिटारच्या जाड तारा पोलादी गाभ्यावर कांस्य किंवा पितळ गुंडाळून केलेल्या असतात, कारण त्या वेष्टणाने लाकूड झळाळून बोलते. परंतु चुंबकाला ते वेष्टण दिसतच नाही, त्याला दिसतो तो आतला बारीक पोलादी गाभा. परिणामी ज्या तारा कानाला दणदणीत वाटतात त्या वर्धकातून कृश होतात आणि वेष्टण नसलेली दुसरी तार एकाएकी किंचाळू लागते. उपाय म्हणून काहींनी निकेलचे वेष्टण असलेल्या विजेरी तारा चढवल्या, ज्यांनी पिकअप सुखावला पण लाकूड निस्तेज झाले. काहींनी प्रत्येक तारेखालच्या धातूच्या खिळ्याची उंची स्क्रूने कमी-जास्त करण्याची सोय केली. कोणतीही तडजोड केली तरी लाकूड आणि पिकअप यांच्यापैकी एकजण उपाशी राहत असे.

या तडजोडीचा सर्वांत मोठा कलात्मक लाभ मिसिसिपी आणि टेक्सास या राज्यांतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांनी उठवला. १९५१मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे ‘डस्ट माय ब्रूम’ ध्वनिमुद्रित करणारा एल्मोर जेम्स पूर्वी रेडिओदुरुस्तीच्या दुकानात काम करत असे, आणि के कंपनीच्या साध्या सपाट गिटारच्या छिद्रात डीआर्मंडचे पिकअप बसवलेले त्याचे वाद्य ब्लूजच्या अभ्यासकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. स्वस्त लाकडाची पोकळ पेटी, ताकदीपलीकडे चालवलेला वर्धक आणि तारेवरून सरकणारी नळी यांच्या संयोगातून निघालेला तो फाटका, खरखरीत स्वर ना शुद्ध गिटारचा होता ना शुद्ध विजेरी वाद्याचा. ह्यूस्टनचा लाइटनिन हॉपकिन्स हा याहून बोलके उदाहरण आहे. १९५४च्या सुमारास हेरल्ड कंपनीसाठी त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांत विजेरी गिटार अक्षरशः कडाडते. पण १९५९मध्ये संशोधक सॅम्युएल चार्टर्स याने ह्यूस्टनमधील एका खोलीत त्याचे ध्वनिमुद्रण केले ते मात्र एका माइकवर, साध्या गिटारसह, कारण लोकसंगीताच्या नव्या शहरी श्रोत्याला अस्सलपणाची खूण म्हणून लाकडाचा आवाज हवा होता. हॉपकिन्सने नंतरच्या काळात गिब्सनची सपाट गिटार घेतली खरी, पण तिच्या छिद्रात डीआर्मंडचा पिकअप असे. संग्राहकाने ठरवलेले अस्सल आणि वादकाच्या नित्याच्या वापरातले अस्सल यांतले अंतर त्या एका पिकअपमध्ये मावते.

कारखान्यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. गिब्सनने १९५१मध्ये ‘सीएफ-१००ई’ ही एका बाजूने खांदा कापलेली लहान सपाट गिटार पिकअपसह आणली, आणि १९५४मध्ये ‘जे-१६०ई’ ही मोठ्या पेटीची गिटार. हिच्यात ‘पी-९०’ नावाचा, १९४६पासून गिब्सनच्या विजेरी गिटारांवर असलेला एकेरी वेटोळ्याचा पिकअप दांडीची पट्टी आणि छिद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तबलीखाली दडवला होता, ज्याचे सहा स्क्रू तेवढे वरून दिसत. ती जागा निर्माण करण्यासाठी दांडी नेहमीच्या चौदाव्या पडद्याऐवजी पंधराव्या पडद्याशी पेटीला जोडण्यात आली, आणि आवाज व पोत यांच्या दोन चाव्या तबलीवरच बसवल्या गेल्या. खरी तडजोड मात्र आत, नजरेआड होती. फीडबॅकला आळा बसावा म्हणून लवकरच तबली अखंड स्प्रूसऐवजी प्लायवूडची, म्हणजे थर चिकटवलेल्या फळीची, करण्यात आली आणि तिच्याखाली फुलीऐवजी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या देण्यात आल्या. बोलकी तबली गुरगुरते, म्हणून तबलीचेच तोंड बांधले, असा हा व्यवहार होता. त्यामुळे विजेविना वाजवली असता ही गिटार तिच्याच कारखान्यातल्या तिच्या बहिणींपुढे कोरडी व आखूड वाटते, आणि कित्येक गिटारप्रेमींनी तिला दोन्हीकडून उणी म्हणून हिणवले आहे. हा निवाडा काहीसा अन्यायाचा आहे, कारण ज्या वादकाला एकाच संध्याकाळी वर्धकासह आणि वर्धकाविना अशा दोन्ही तऱ्हांनी वाजवायचे होते त्याच्यासाठी त्या काळी दुसरे वाद्य जवळजवळ नव्हतेच, आणि त्या कोरडेपणातला लयीचा टणत्कार ध्वनिमुद्रणात इतर वाद्यांना धक्का न लावता नेमका बसतो.

हे १९६२च्या सप्टेंबरमध्ये सिद्ध झाले, जेव्हा लिव्हरपूलच्या रशवर्थ या दुकानातून जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी एकेक जे-१६०ई घेतली. बीटल्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ही गिटार कधी माइकसमोर निव्वळ लाकडी, तर कधी व्हॉक्स वर्धकातून विजेरी अशी वाजते, आणि दोन्हींमधला भेद सामान्य श्रोत्याच्या चटकन ध्यानात येत नाही. १८ ऑक्टोबर १९६४ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ‘आय फील फाइन’ मुद्रित होत असताना लेननची गिटार वर्धकाजवळ असता एका स्वरापाठोपाठ आपणहून घुमू लागली, आणि तो योगायोगाने सापडलेला आवाज गाण्याच्या आरंभी मुद्दाम ठेवला गेला. लोकप्रिय संगीतात फीडबॅकचा जाणीवपूर्वक उपयोग केल्याच्या पहिल्या ठळक उदाहरणांत त्याची गणना होते. फीडबॅक होऊ नये म्हणून जिची तबली प्लायवूडची केली तीच गिटार फीडबॅकसाठी अजरामर व्हावी, हा कॅलामझूच्या अभियंत्यांच्या हिशेबात न बसणारा प्रकार होता. तो स्वर ‘ए’ होता, म्हणजे गिटारच्या ज्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या ११० हर्ट्झ आहे तिच्या नावाचा. पेटीतल्या हवेची स्वाभाविक घुमक याच टापूत असते हे लक्षात घेतले तर योगायोगातला योगाचा भाग बराच कमी होतो.

मार्टिन कंपनीने या वाटेला जाताना आपली प्रतिष्ठा आणि आपले लाकूड दोन्ही पणाला लावले. १९५८-५९मध्ये तिने ‘डी-१८ई’ ही ड्रेडनॉट काढली, जिच्या तबलीत छिद्राच्या दोन्ही अंगांना, एक दांडीशी व एक घोडीकडे, असे दोन डीआर्मंड पिकअप कोरून बसवले होते, आणि चाव्या व निवडीचा खटका तबलीच्या दर्शनी भागावरच होता. या नमुन्याच्या साधारण ३००च गिटार बनल्या. पाठोपाठ आलेली ‘डी-२८ई’ १९६४पर्यंत तुरळक प्रमाणात बनत राहिली. नाझरेथच्या कारागिरांनी शतकभर खपून ज्या तबलीला बोलते केले होते तिच्यात आयताकृती खिडक्या पाडून तिच्यावर धातूचे ओझे लादण्याचा हा प्रयोग ना लाकूडप्रेमींना रुचला ना विजेरी वादकांना, कारण विजेरी वाद्यच हवे असलेल्या माणसाला तोवर फेंडर आणि गिब्सनच्या भरीव गिटार सहज मिळत होत्या. डीआर्मंडचा हाच पिकअप छिद्रात चापाने बसे तेव्हा वाद्याचे काही बिघडत नसे. कारखान्याने तो कायमचा बसवला तेव्हा वाद्य बिघडले.

यानंतरची दोन दशके पीझोची होती. स्फटिकावर दाब पडला की विद्युतदाब निर्माण होतो, या क्यूरी बंधूंनी १८८०मध्ये नोंदवलेल्या तत्त्वावर चालणारा पिकअप घोडीखाली दडवता येतो, तो नायलॉनच्या तारांनाही चालतो आणि फीडबॅकला सहजी बळी पडत नाही. कनेटिकटमधील हेलिकॉप्टर-उद्योजक चार्ल्स कामन याच्या ओव्हेशन कंपनीने गोल पाठीच्या गिटारांतून तो रूढ केला, आणि ग्लेन कॅम्पबेलच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे तो घरोघर पोहोचला. पण जोराने छेडले असता त्याचा आवाज बदकासारखा फाटतो. त्यामुळे कानाने चोखंदळ असलेल्या वादकांचा एक वर्ग १९७०च्या दशकातच छिद्रातल्या चुंबकाकडे परत वळला. विजेच्या मुख्य प्रवाहाची जी सततची गुणगुण एकेरी वेटोळ्यात घुसते ती दोन उलट्या वेटोळ्यांत परस्पर छेदून टाकण्याची युक्ती गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने १९५०च्या दशकात विजेरी गिटारसाठी सिद्ध केली होती. तिचा वापर करणारे बिल लॉरेन्स, बार्टोलिनी, सनराइज यांचे पिकअप आता छिद्रात बसू लागले. मायकेल हेजेस याने आपल्या १९७१च्या मार्टिन डी-२८मध्ये सनराइज आणि जोडीला तबलीचे कंपन टिपणारा वेगळा पिकअप असे दोन कान ठेवले, आणि तारा व लाकूड यांचे दोन आवाज वेगवेगळे हाताळून अखेर एकत्र मिसळले. दांडीवर दोन्ही हातांनी टकटक करत उभे केलेले त्याचे वादन चुंबकीय पिकअपच्या खोल, दीर्घ खर्जाशिवाय कल्पिता येत नाही.

याच सुमारास जुन्या गिटारांचा व्यापार ‘व्हिंटेज’ या नावाने स्वतंत्र बाजार म्हणून आकार घेऊ लागला होता, आणि त्याने या साऱ्या इतिहासाची किंमत नव्याने लावली. या बाजारात सर्वांत मोठे मूल्य मूळ स्थितीला असते: १९३०च्या दशकातील मार्टिनच्या कडेला कोणा वादकाने चाव्यांसाठी पाडलेली भोके, किंवा पट्ट्याच्या खुंटीच्या जागी वायरच्या खोबणीसाठी सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत रुंदावलेले छिद्र, यांनी वाद्य वाजण्यात विशेष फरक पडत नसला तरी भावात फरक पडतो. अशा वाद्यांच्या मालकांना डीआर्मंडच्या चापाचे शहाणपण उशिरा पण पक्के पटले. आजचे छिद्रातले पिकअप त्याच चापाचे वंशज होत. १९८०च्या दशकात उपलब्ध झालेल्या निओडायमियम चुंबकांनी त्यांचे वजन आणखी घटवले, आणि एल. आर. बॅग्स कंपनीच्या ‘एम-१’सारख्या पिकअपमध्ये एक वेटोळे मुद्दाम सैल, लवचिक आधारावर टांगलेले असते, जेणेकरून तबली थरथरली की तेही थरथरावे आणि तारेबरोबर पेटीचा ठोकाही थोडासा टिपला जावा. १९२८मध्ये शिकागोत सोडून दिलेला लाकूड ऐकण्याचा प्रयत्न असा तब्बल पाऊण शतकानंतर चुंबकाच्याच घरात परतला.

मूळ स्थितीला मान देणाऱ्या या बाजारात सर्वाधिक बोली लागली ती मात्र ज्या गिटारांत कारखान्याने आणि वादकाने भरपूर ढवळाढवळ केली होती त्यांना. डिसेंबर १९६३मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क येथील कार्यक्रमांच्या वेळी हरवलेली लेननची जे-१६०ई अर्ध्या शतकानंतर सापडली आणि २०१५मध्ये २४ लाख १० हजार डॉलरना विकली गेली. जून २०२०मध्ये कर्ट कोबेनच्या १९५९च्या डी-१८ईला ६० लाख १० हजार डॉलर मिळाले, जी तोवर कोणत्याही गिटारला लिलावात मिळालेली सर्वाधिक किंमत होती. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या, नावाप्रमाणे विजेशिवाय वाजवण्याच्या, मालिकेसाठी कोबेनच्या ‘निर्वाणा’ या रॉक ताफ्याने केलेल्या मैफलीत ही गिटार वाजली होती. ती डावखुऱ्या वादनासाठी उलटवलेली होती, आणि तिच्या तबलीतले डीआर्मंडचे दोन पिकअप जागेवर असतानाही छिद्रात आणखी एक बार्टोलिनी बसवलेला होता. कोबेनला आपल्या नेहमीच्या फेंडर वर्धकाशिवाय वाजवायचे नव्हते, म्हणून कार्यक्रमाचा निर्माता अ‍ॅलेक्स कोलेटी याने तो वर्धक मंचावर गायकांसाठी ठेवतात तशा स्पीकरसारख्या दिसणाऱ्या खोट्या पेटीआड लपवला, आणि डेव्हिड बोवीच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ या गाण्यातली गिटारची ती किंचित फाटलेली, गुरगुरती ओळ त्या पेटीमागूनच आली.